तगरीवरची शिंगवाली अळी: ओळख, वाढीचे टप्पे आणि घरी पतंगापर्यंत सांभाळ

जून सरत आला की बेळगावात घरोघरी एकच तक्रार ऐकू येते: कालपर्यंत भरगच्च असलेल्या तगरीचे शेंडे आज नुसत्या काड्या! पहिला संशय शेजारच्या शेळीवर, दुसरा गोगलगाईवर, आणि दोन दिवसांत कुणीतरी खत-औषधांच्या दुकानातून फवारणीची बाटली घेऊन येतं. बहुतेक वेळा हे काम कण्हेर पतंगाच्या अळीचं असतं. शास्त्रीय नाव डॅफनिस नेरी, कुळ हॉक मॉथचं. पूर्ण वाढलेली अळी सात-आठ सेंटिमीटर लांब, हिरवीगार, मागच्या टोकाला शिंग, आणि डिवचली तर दोन निळे डोळे वटारणारी. बघून दचकायला होतं, पण ती चावत नाही, अंगाला खाज आणत नाही, आणि ते शिंगही मऊच असतं.

हा पतंग ओळखायचा तर थेट पतंगामागे लागून उपयोग नाही. तो रात्री उडतो, आणि दिवसा पानांत बसला तर हातभर अंतरावरूनही नजर चुकवतो. सुरुवात झाडापासून करायची, मग जमिनीवरच्या लेंड्या, मग अळीचं शिंग. एवढं जमलं की पतंग डोळ्यांसमोर आपणहून येतो.

कुठे आणि कधी बघायचं

झाडं मोजकीच आहेत: तगर, कण्हेर, सदाफुली आणि सातवीण. आपल्याकडे पहिली पसंती तगरीला द्या. टिळकवाडी-शहापूरच्या घरांपुढे देवपूजेच्या फुलांसाठी लावलेली तगर असो किंवा खानापूर-जांबोटीकडच्या परड्यातली, माणसाच्या उंचीचं झुडूप शोधायला सगळ्यांत सोपं. कण्हेरीची पानं कडक आणि फांद्या उंच, त्यामुळे तिच्यावरच्या अळ्या निसटतात. महामार्गाच्या दुभाजकातल्या कण्हेरीवरही त्या सापडतात, पण तिथे उभं राहून शोधणं जिवाशी खेळ आहे. तिकडे जाऊ नका. पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, हे वेगळं झाड. शोध लाल, गुलाबी किंवा पांढऱ्या फुलांच्या कण्हेरीवर सुरू करा. रोप विकत आणायचं असेल आणि रोपवाटिकेतला माणूस कन्नड बोलणारा असेल, तर तगरीला नंदीबट्टलु आणि कण्हेरीला कणगिले म्हटलं की काम होतं.

मे महिन्यातले वळीव पडून गेले की तगरीला कोवळी पालवी फुटते. मादी अंडी घालते ती प्रामुख्याने अशा पालवीवर. म्हणून जूनपासून दिवाळीपर्यंतचा काळ भरीचा. मुसळधार पावसाच्या आठवड्यात लहान अळ्या धुवून जातात, तेव्हा कणकुंबीसारख्या घाटमाथ्यावरच्या गावांत भर जुलैपेक्षा सप्टेंबरात शोधणं फायद्याचं. थंडीत वाढ मंदावते आणि प्रत्येक टप्पा लांबतो.

अळी शोधायची रीत

सकाळी आठच्या आत झाडाखाली जा. आधी वर बघू नका, खाली बघा. फरशी, वाळलेली पानं, कुंडीची माती यांवर गडद हिरव्या किंवा काळपट लेंड्या दिसतील. मोठ्या अळीची लेंडी चार-पाच मिलिमीटर लांब, दोन्ही टोकांना बसकी, आणि तिच्यावर उभ्या खाचा स्पष्ट दिसतात. सरड्याच्या विष्ठेला एका टोकाला पांढरा भाग असतो, इथे तो नसतो. ताजी लेंडी बोटाने दाबली तर ओलसर हिरवी निघते, जुनी कोरडी होऊन मोडते. ताजी असेल तर अळी अजून वर आहे.

आता लेंड्यांच्या सरळ वरची फांदी धरा. खाल्लेली पानं पाहा. मोठी अळी पान कडेकडून खात मधल्या शिरेपर्यंत येते आणि पुष्कळदा शीरही संपवते. गोगलगाय पानाच्या मधोमध वेडीवाकडी भोकं पाडते आणि चकाकणारा चिकट माग सोडते. पानं चिकट लागत असतील आणि शेंड्यावर काळ्या पायांचे पिवळे बारके किडे दाटीने बसले असतील, तर तो मावा, त्याचा या अळीशी संबंध नाही.

खाल्लेल्या पानावर अळी सापडेलच असं नाही. दिवसा मोठी अळी थोडी खाली सरकून देठाच्या किंवा जाड फांदीच्या खालच्या बाजूला उलटी चिकटून राहते. फांदी हलकेच वाकवून खालून बघा. तरी दिसली नाही तर रात्री नऊनंतर टॉर्च घेऊन या. ती शेंड्यावर खात असते, आणि तिरप्या उजेडात तिच्या अंगाची गोलाई पानांपेक्षा वेगळी उठून दिसते.

हीच ती अळी, हे कसं ठरवायचं

तीन खुणा एकत्र जुळल्या पाहिजेत. एक, मागच्या टोकाला एकच शिंग. दोन, डोक्यामागे छातीच्या भागावर, दोन्ही बाजूंना एकेक निळसर-पांढरा डोळा, भोवती काळी कड. अळी निवांत असताना तो अर्धवट घडीत लपतो. फांदीला टिचकी मारली की ती डोकं आत ओढते, छाती फुगवते आणि डोळे पूर्ण उघडतात. तीन, दोन्ही कुशींना लांबीभर गेलेली पांढरी पट्टी आणि तिच्या आसपास विखुरलेले बारीक पांढरे ठिपके.

कधीकधी शेवटच्या टप्प्यातली अळी हिरव्याऐवजी गुलाबी-तपकिरी निघते. रंगावर जाऊ नका, डोळे आणि शिंग तेच असतात.

गोंधळ कुठे होतो ते सांगायला हवं. कण्हेरीवर सर्वाधिक फसवते ती कॉमन क्रो या फुलपाखराची अळी. तिच्या अंगावर आडवे काळपट-पांढरे पट्टे आणि चार जोड्या लांब काळे मऊ तंतू असतात, मागे शिंग नसतं. तिचा कोष पानाखाली लोंबतो आणि चांदी-सोन्यासारखा लखलखतो. तो सापडला तर तो पतंगाचा नव्हे. कढीलिंबावर आणि लिंबावर दिसणारी हिरवी अळी लिंबाच्या फुलपाखराची. डिवचल्यावर ती डोक्यामागून दोन फाट्यांचा नारिंगी मऊ अवयव बाहेर काढते आणि उग्र वास सोडते.

हॉक मॉथ कुळातले भाऊबंद बाकीच्या झाडांवरून वेगळे करता येतात. रताळ्याच्या वेलावरची शिंगवाली अळी अॅग्रियस कॉन्व्हॉल्व्हुली या पतंगाची, आणि बेळगाव-खानापूर पट्ट्यातल्या रताळ्याच्या शेतकऱ्याला ती वेगळी सांगायला नको. वांगी किंवा तिळावर कुशीला तिरके पट्टे आणि खडबडीत, वळलेलं शिंग असलेली अळी दिसली तर ती पाठीवर कवटीसारखी आकृती असलेल्या पतंगाची. तेरडा आणि अळूवर काळपट अंगाची, कुशीला ओळीने पिवळे-नारिंगी ठिपके असलेली असते. अनंताच्या झाडावरची हिरवी अळी पारदर्शक पंखांच्या, मधमाशीसारख्या दिसणाऱ्या पतंगाची. थोडक्यात, झाड लिहून ठेवलं नाही तर फोटोवरून ओळख पटवणं कुणालाही जड जातं.

अंडं ते अळी: शिंग वाचायला शिका

अंडं गोलसर, फिकट हिरवं, साधारण दीड मिलिमीटरचं. मादी ती पुंजक्याने घालत नाही. एकेकटं, पानाच्या खाली किंवा वर, बहुधा शेंड्याजवळ. डोळे ताणून शोधावं लागतं, भिंग असेल तर उत्तम. आपल्या पावसाळी हवेत तीन ते पाच दिवसांत ते फुटतं. फुटण्याआधी ते पिवळट होतं. काळं पडलं तर समजा की आत परोपजीवी गांधीलमाशीची पिल्लं वाढताहेत, त्यातून अळी निघणार नाही. सुरकुतून आत बसलं तर ते फळलेलंच नव्हतं.

बाहेर पडलेली अळी तीन-चार मिलिमीटरची आणि पिवळी असते. तिचं शिंग काळं, केसासारखं बारीक आणि अंगाच्या मानाने भलतंच लांब. नवख्याला वाटतं, ही दुसरीच कुठली तरी जात. पहिलं खाणं बहुधा अंड्याच्या कवचाचं. मग पानं खायला लागली की दोन दिवसांत रंग हिरवा होतो.

अळी चार वेळा कात टाकते, म्हणजे पाच टप्पे. दर टप्प्यात लांबी वाढते, पण शिंग त्या मानाने आखूड होत जातं. छातीवरचे डोळे दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्यात दिसू लागतात. शेवटच्या टप्प्यात शिंग काही मिलिमीटरचं, बोथट, पिवळसर-नारिंगी आणि खाली झुकलेलं. वय ठरवायला लांबीपेक्षा शिंग भरवशाचं, कारण उपाशी अळी लहान राहते, शिंग मात्र टप्प्याप्रमाणेच असतं.

कात टाकायच्या आधी अळी चोवीस तासांच्या आसपास खाणं थांबवते, डोकं वर करून स्थिर बसते. ती आजारी नसते. या वेळी तिला पानावरून ओढलं तर पाय पकडीतून सुटतात, कात अर्धवट अडकते आणि अळी मरते. घरी पाळणाऱ्यांच्या हातून सर्वाधिक अळ्या जातात त्या इथेच.

अळीची अवस्था एकूण पंधरा ते वीस दिवसांची, आणि त्यातलं बहुतांश खाणं शेवटच्या पाच-सहा दिवसांतलं. झाड एका रात्रीत बोडकं झाल्यासारखं वाटतं ते यामुळे. अळ्या दोन आठवडे तिथेच असतात, लहान असताना त्यांचं खाणं नजरेत येत नाही इतकंच.

घरी सांभाळायची असेल तर

तिसऱ्या टप्प्यातली, म्हणजे दोन-तीन सेंटिमीटरची अळी घेतलेली बरी. फार लहान घेतली तर जगवणं कठीण, फार मोठी घेतली तर बहुधा परोपजीवी माशीने आधीच गाठलेली असते. हाताने उचलू नका. पानासकट डहाळी कापून आणा.

लागतं ते एवढंच: पाच लिटरचा रुंद तोंडाचा प्लास्टिक डबा, तोंडाला मच्छरदाणीचा तुकडा आणि रबर, तळाला वर्तमानपत्राचा कागद. एका डब्यात तीन मोठ्या अळ्यांपेक्षा जास्त नकोत. गच्च झाकण लावू नका. पावसाळ्यात आत वाफ धरते, लेंड्यांना बुरशी येते आणि अळ्या दोन दिवसांत मऊ पडतात.

डहाळी औषधाच्या छोट्या बाटलीत पाणी घालून खोचा, आणि बाटलीचं तोंड कापसाने घट्ट बंद करा. कापूस लावायचा राहिला तर अळी देठावरून पाण्यात उतरते आणि बुडते. पानं रोज बदला. जुन्या डहाळीवरची अळी उचलायची नाही, नवी डहाळी तिला टेकवून ठेवली की ती आपोआप चढते. मग जुनी डहाळी काढा, कागद बदला, लेंड्या झटका.

तगरीवर सापडलेल्या अळीला तगरच द्या. मध्येच कण्हेर दिली तर काही अळ्या खातात, काही उपाशी बसतात. रस्त्याकडेची पानं धुवून, फडक्याने पुसून द्या, ओली नको. रोपवाटिकेतून नुकत्याच आणलेल्या रोपाची पानं अजिबात देऊ नका. इमिडाक्लोप्रिडसारखं आंतरप्रवाही औषध रोपाच्या आत भिनलेलं असतं, धुतल्याने जात नाही. अशा पानांवर अळी थरथरते, हिरवं पाणी ओकते आणि मरते.

तगर आणि कण्हेर दोन्हींचा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नये, आणि कण्हेरीची तर पानं, फुलं, फांदी सगळंच विषारी, हृदयावर परिणाम करणारं. पानं हाताळल्यावर साबणाने हात धुवा. लहान मुलांकडे हे काम सोपवायचं असेल तर तगरीपुरतंच ठेवा, आणि तेही समोर बसून.

कोष आणि पतंग बाहेर पडणं

एके दिवशी हिरवी अळी पाठीवर काळपट आणि कुशीला तपकिरी-नारिंगी होते, पातळ विष्ठा टाकते आणि डब्यात गोल गोल फिरू लागते. अनेक जण इथे तिला आजारी समजून टाकून देतात. ती कोष करायला जागा शोधत असते. झाडावर असती तर जमिनीवर उतरून वाळल्या पाचोळ्यात शिरली असती. म्हणून डब्याच्या तळाला पाच-सात सेंटिमीटर कोरडा पाचोळा किंवा फाडलेला टिश्यू पेपर घाला, डबा अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवा आणि निदान पाच दिवस उघडू नका. ती रेशमाच्या विरळ धाग्यांनी पानं एकमेकांना जोडून आत कोष करते. लवकर उकरला तर कोषाची साल मऊ असते आणि दाबाने फुटते.

पक्का झालेला कोष पाच-सहा सेंटिमीटरचा, फिकट तपकिरी, बारीक काळ्या ठिपक्यांचा, आणि कुशीला श्वासछिद्रांचे ठळक काळे डाग. हात लावला तर मागचा भाग हलतो. हलला की जिवंत. रताळ्यावरच्या पतंगाच्या कोषाला पुढे वळलेली सोंड वेगळी निघालेली दिसते. तशी सोंड इथे नसते.

पाच दिवसांनंतर कोष टिश्यूवर आडवा ठेवून किमान तीस सेंटिमीटर उंच जाळीच्या पिंजऱ्यात हलवा. जाळी नसेल तर पुठ्ठ्याचं खोकं चालेल, आतून कापड चिकटवलेलं. दोन दिवसांआड हलकं पाणी शिंपडा, भिजवू नका. उबदार हवेत अकरा ते सोळा दिवसांत पतंग निघतो, बहुधा रात्री. निघण्याच्या आदल्या दिवशी कोष गडद होतो आणि पंखांची हिरवी छटा सालीतून दिसते.

बाहेर पडताच पतंग वर चढून उलटा लटकतो आणि आखडलेल्या पंखांत रक्तद्रव भरतो. पंख पसरायला अर्धा-पाऊण तास, कडक व्हायला आणखी काही तास. चढायला खरखरीत जागा मिळाली नाही, म्हणजे भिंत गुळगुळीत प्लास्टिकची असेल, तर तो घसरत राहतो आणि पंख चुरगळलेलेच वाळतात. असा पतंग पुन्हा नीट होत नाही. खाली लालसर-तपकिरी पाणी पडलेलं दिसतं, ते रक्त नव्हे. कोषात साठलेला मळ आहे.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला त्याला मोकळं सोडा. उडण्याआधी तो काही मिनिटं पंख थरथरवून अंग तापवतो, तेव्हा घाई करू नका. सोडायची जागा मधुमालती, जाई किंवा पपईच्या फुलांजवळ असली तर चांगलं, लांब सोंडेने तो अशाच फुलांतला मध हवेत तरंगत पितो.

सगळं बरोबर करूनही काही अळ्यांतून पतंग निघत नाही. डोक्यामागे कातडीला चिकटलेले पांढरे, अंडाकृती ठिपके दिसले तर ती परोपजीवी माशीची अंडी. अशी अळी खाते, वाढते, कोषही करते, आणि शेवटी कोषातून माशीच्या अळ्या बाहेर येतात. अळी काळी पडून लोंबकळू लागली आणि हात लावताच पाणी झाली, तर रोग विषाणूचा किंवा जिवाणूचा. डबा लगेच बाहेर काढा, कागद-पानं पुरून टाका, डबा ब्लीचच्या पाण्याने धुवून उन्हात वाळवा. शेजारच्या डब्यांना त्या हाताने शिवू नका.

पतंगाची पक्की खूण

पंख पसरल्यावर टोकापासून टोकापर्यंत नऊ ते अकरा सेंटिमीटर. रंग शेवाळी हिरवा, त्यात गुलाबी आणि पांढऱ्या लाटा. पुढच्या पंखाच्या मुळाशी पांढरट ठिपका आणि त्याच्या मधोमध गडद हिरवा टिंब, ही खूण फोटोत हमखास आली पाहिजे. पोटाच्या सुरुवातीला फिकट आडवा पट्टा असतो. मागचे पंख करडे-तपकिरी, पण बसलेल्या पतंगात ते झाकलेले असतात.

याच्यासारखाच दिसणारा डॅफनिस हायपोथस कदंबासारख्या झाडांवर वाढतो. त्याच्या पुढच्या पंखाच्या अगदी टोकाला लहानसा पांढरा ठिपका असतो. कण्हेर पतंगाला तो नसतो. व्हरांड्याच्या दिव्याखाली सकाळी बसलेला हिरवा पतंग मिळाला तर आधी पंखाचं टोक बघा.

फोटो वरून, बाजूने आणि अळी असेल तर शिंगाचा जवळून, असे निदान तीन घ्या. शेजारी दहा रुपयांचं नाणं ठेवा, त्याचा व्यास २७ मिलिमीटर, म्हणजे माप आपोआप मिळतं. तारीख, गाव आणि झाडाचं नाव लिहून ते आय-नॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाकता येतात.

झाड वाचवायचं असेल तर

मुरलेली तगर पानं गेल्याने मरत नाही. महिन्याभरात पुन्हा फुटते. मोठ्या झुडपावर चार-पाच अळ्या असतील तर त्यांना राहू द्यावं, असं आमचं स्पष्ट मत. कुंडीतलं लहान रोप किंवा सदाफुलीचा वाफा मात्र खरोखर संपू शकतो. तिथे सोपा उपाय म्हणजे संध्याकाळी अळ्या डहाळीसकट काढून मोठ्या तगरीवर किंवा कण्हेरीवर नेऊन सोडणं.

ते जमत नसेल आणि अळ्या दोन सेंटिमीटरच्या आतल्या असतील, तर ५ टक्के निंबोळी अर्क वापरा. ५० ग्रॅम निंबोळी पूड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, सकाळी फडक्यातून गाळून, थोडं साबणाचं पाणी घालून संध्याकाळी फवारा. बीटी पावडरही (अळ्यांना मारणाऱ्या जिवाणूपासून केलेली) चालते, साधारण एका लिटरला १ ते २ ग्रॅम, पण आधी पाकिटावरचं प्रमाण बघा. दोन्ही उपाय लहान अळीवरच चालतात. सात सेंटिमीटरच्या अळीवर फवारणं म्हणजे पैसे वाया, ती दोन दिवसांत तशीही खाली उतरणार असते. फवारल्यावर चार-पाच तासांत पाऊस आला तर पुन्हा करावं लागतं. रासायनिक कीटकनाशक टाळायचं आणखी एक कारण घरचंच आहे: तगरीची फुलं रोज परडीत आणि तिथून देवघरात जातात.

कोष पाचोळ्यात असतो, त्यामुळे तगरीखालचा केर रोज झाडून पेटवला तर पतंग संपतात. बुंध्याभोवती दोन फूट पाचोळा राहू द्या. कण्हेर छाटली तर तिच्या फांद्या मात्र गोठ्याजवळ किंवा शेळ्या चरतात तिथे टाकू नका, वाळलेल्या पानांतही विष टिकतं. जाळूही नका, धूर त्रासदायक असतो. खोल खड्डा करून पुरा.